एक प्रश्न मॅडमचा, एक पेशंटचा

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी नांदेडच्या आमच्या प्रसूतिगृहात केसपेपरवर पट्टीने रेघा मारत होतो. डॉ. शैलजा हाळणीकर मॅडम तेव्हा लातूरला परिचारिकांच्या वर्गावर गेल्या होत्या. मला नोकरीला लागून नऊच दिवस झाले होते. मॅडमची माझी खरी ओळख त्या दिवशी माझ्या हातून झालेल्या चुकीमुळे झाली, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

सोमालियाहून आलेली एक बाई आठव्या महिन्यात नाव नोंदवायला आली होती. तिला इथे होदान म्हणतो. नवरा शिकायला आलेला. दोन वर्षांत गल्लीतल्या बायकांकडून ती दखनी उर्दू बोलायला शिकली होती. तपासून आल्यावर नव्या सिस्टर म्हणाल्या, "खाली कापल्याचा जुना व्रण आहे." दुसऱ्याने केलेली जखम दिसली की पोलिसांत कळवायचे, एवढा नियम मला पाठ होता. मी 'पोलिस केस'चा लाल शिक्का मारला. नवऱ्याने तो वाचला आणि दोघेही फाईल टेबलावर ठेवून निघून गेले.

संध्याकाळी लातूरहून परतल्यावर मॅडमनी विचारले, "लेखनिक महाराज, शिक्का कामून मारला?" मी नियम सांगितला.

"तिला विचारलंस?"

"नाही."

"मग चूक दोघांची. मीही तुला काही सांगून गेले नव्हते."

होदानच्या देशातल्या काही समाजांत लहानपणीच मुलीचे बाह्य जननांग कापतात आणि शिवून अगदी बारीक वाट ठेवतात, हे मॅडमनी तिच्या घरी जाताना मला रिक्षात समजावले. अशा बाईने घरीच बाळंत व्हायचे ठरवले तर दोन्ही जिवांना धोका होता.

होदानच्या खोलीत मॅडम सतरंजीवर बसल्या. पहिलेच वाक्य असे बोलल्या, "ऐसी डिलिव्हरी मैं किताब में पढी, की नै अब तक. तुम मेरेकू सिखाओ. एक सवाल मेरा, एक तुम्हारा."

होदानने विचारले, "पुलिस कायकू?"

उत्तर मी दिले आणि माफी मागितली. मग मॅडमनी मला व नवऱ्याला बाहेर बसवले. पुढचे प्रश्न मला ठाऊक नाहीत, ते माझे नव्हतेच.

ती परत आली. कळा सुरू व्हायच्या आधीच भूल देऊन शिवण मोकळी केली. पुन्हा शिवून बंद करणार नाही, लघवीची धार आता वेगळी लागेल, घाबरू नका, हे सगळे मॅडमनी चित्र काढून आधीच सांगितले होते. त्या खोलीत बघायला कुणी गर्दी करायची नाही, अशी ताकीद होती. एक सिस्टर डोकावल्या, तर मॅडम म्हणाल्या, "जत्रा माहूरला असते, इथं नाही." हाच नियम आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या आमच्या बायकांनाही लागू झाला, तेव्हा त्यांच्याही चेहऱ्यावरचा संकोच कमी झालेला मी पाहिला.

मुलगी झाली. घरी जायच्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "आज तुम्हारी बारी."

होदानने बाळाचे टोपडे नीट केले. "इसकू वैसा नै करे तो चलता ना?"

मॅडम नवऱ्याकडे वळल्या. "तुम बोलो."

तो म्हणाला, "नै करते. अम्मीकू मैं बोलता."

हा लेख लिहिण्याआधी मी होदानला फोन करून परवानगी मागितली. ती म्हणाली, "लिखो, पन नाम नक्को."

आमच्या केसपेपरवर आता 'तुमचा प्रश्न' असा एक रकाना आहे. त्याच्याही रेघा मीच मारतो. मॅडमच्या साठीच्या या गौरव अंकात आज तो माझ्यासाठी भरतो: मॅडम, पंचाहत्तरीच्या अंकात लिहायला मला बोलवाल ना? तोवर आणि त्यानंतरही तुम्ही ठणठणीत राहा. विचारायचे अजून पुष्कळ बाकी आहे, आणि पुढचा प्रश्न तुमचा आहे.