पटकी टाळण्याचे पाच नियम

गिरणीत माग चालवणारा जोतीराम तसा शांत माणूस. पण त्या सोमवारी साप्ताहिकाचा अंक हातात पडला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पाच रविवार खपून त्याने चार रकान्यांचा लेख लिहिला होता, चाळीतल्या पाण्याच्या टाकीवर. टाकी गिरणीमालकाची. दोन वर्षांत कुणी धुतलेली नाही, झाकण मोडलेलं, आत मेलेली घूस. ते पाणी पिऊन शेजारची काशम्मा पटकीने एका दिवसात गेली. हे सगळं त्याने तारीखवार लिहून दिलं. आणि छापून काय आलं? ‘पटकी टाळण्याचे पाच नियम’! पाणी उकळा, हात धुवा, शिळं खाऊ नका, अन्न झाकून ठेवा, उलटी होताच दवाखाना गाठा. टाकी गायब, मालक गायब, काशम्मासुद्धा गायब. म्हणजे बिचारी मेली ती स्वतःच्याच चुकीने!

नवी पेठेतल्या छापखान्यात तो चपलांसकट घुसला. “माजी टाकी कुटं हाय?”

संपादकांनी चष्मा कपाळावर चढवला. “हे बघा जोतीराम, चार रकाने दिसले की वाचक पान उलटतो. एक, दोन, तीन असे आकडे दिसले की थांबतो. किती वाचायचं ते आधीच कळतं, आणि संपलं की पदरात काही पडल्यासारखं वाटतं. अंक हातोहात खपला!”

“अन् टाकी?”

“ती पाचांत बसली नाही.”

बसली नाही! जोतीराम बाहेर पडला तो वाचणाऱ्यांवरही चरफडत. सगळं कसं चिरून, फोडी करून ताटात वाढायला हवं यांना! माणूस मेलं त्याची हकिगत वाचायला काय धाड भरते?

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. विणाईखात्यात माग सुरू झाले की कानाशी ओरडलेलं ऐकू येत नाही, म्हणून विणकर एक हात मागावर ठेवून दुसऱ्या हाताने खुणा करतात. समोरच्या रांगेतल्याने एक बोट वर करून पाणी उकळल्याची खूण केली, दोन बोटं करून हात धुतल्याची. सुट्टीपर्यंत पाचही नियम शेवटच्या मागापर्यंत पोचले. ज्यांना अक्षर येत नव्हतं, त्यांनाही पाठ.

सुट्टीत काशम्माचा नवरा तिप्पण्णा भाकरी घेऊन शेजारी बसला. “लई बेस लिवलंस गड्या. बोटावर बसतंय बघ. घरी पोरींना सांगाया येतंय, एकबी इसरत न्हाय.”

“त्यात तुजी काशम्मा कुटं हाय?” जोतीराम कडाडला.

तिप्पण्णाचा घास हातातच राहिला. मग जोतीरामाने त्याला चारही रकाने तोंडी सांगितले, घुशीसकट. छापले का नाहीत, तेही सांगितलं.

तिप्पण्णाने उरलेली भाकरी फडक्यात परत बांधली. “मंग सहावं कर की,” तो म्हणाला.

भोंगा झाला, माग सुरू झाले. तिप्पण्णाने पाच बोटं वर धरली. सहावं दाखवायला दुसरा हात हवा, आणि तो मागावर होता. त्याने माग बंद केला. दोन्ही हात वर केले, एकाची पाच बोटं, दुसऱ्याचं एक. मग टाकीची खूण केली, बायकोच्या कुंकवाची केली आणि मालकाच्या बंगल्याकडे बोट रोखलं. हे पुढे सांगायचं म्हणून शेजारच्याने आपला माग थांबवला. मग त्याच्या शेजारच्याने.

“काय झालं रे?” असं ओरडत मुकादम धावत आला, तेव्हा अख्ख्या खात्यात त्याचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.