चौधरी सरांची अपुरी खाट

गौरवग्रंथातील लेखाने गौरवमूर्तींच्या गुणांपासून आरंभ करावा, असा संकेत आहे. तो मला पाळता येणार नाही, कारण प्रा. हिरालाल चौधरी सरांशी माझा परिचय झाला तो नापसंतीने.

विद्यापीठाचे सुवर्णपदक घेऊन मी नंदुरबारच्या महाविद्यालयात मराठी विभागात रुजू झाले, तेव्हा सर विभागप्रमुख होते. पहिल्याच दिवशी मी माझ्या संशोधनाचा आराखडा तळटीपांसह टंकलिखित करून त्यांच्यापुढे ठेवला. विषय होता नर्मदाकाठच्या बुडीत पाड्यांची बोली. सरांनी पाने चाळली, चष्मा कपाळावर सरकवला आणि अहिराणीत विचारले, "बाई, तुमले भाकर करता येस का?"

"नाही," मी शक्य तितक्या थंडपणे म्हणाले.

"नही येस? मंग तर बेस! तुमनं काम हुई जाई."

कोणत्याही सुशिक्षित स्त्रीने घेतला असता तोच अर्थ मी घेतला, आणि पुढचे दोन महिने सरांशी कामापुरतेच बोलले.

आता ते पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत, आणि त्यांचे दोष मला पाठ आहेत. त्यांचे हस्ताक्षर त्यांनाच लागत नाही. सभेला ते वेळेवर आल्याची नोंद नाही. त्यांच्या निबंधांतील संदर्भसूची पाहून मला अनेकदा क्लेश झाले आहेत. परंतु ज्या एका बाबतीत ते कमालीचे काटेकोर आहेत, त्या बाबतीत त्यांच्या तोडीचा अभ्यासक मी पाहिलेला नाही. ती बाब म्हणजे माणसाचे बोलणे. कोणी सांगितलेला शब्द ते कधीच टिपत नाहीत. कोणी कामाच्या ओघात वापरलेला शब्दच टिपतात, आणि तोही दुसऱ्यांदा कानी पडल्यावर. कोरीटसारख्या शेतकरी गावात, गुजराती वळणाची बोली बोलणाऱ्या घरात ते वाढले. घरात एक, गल्लीत दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा बोलणाऱ्या मुलाला कुठली भाषा कुणासमोर बाहेर काढायची हे आपोआप कळत असावे. मला ते कळत नव्हते, हे लवकरच सिद्ध झाले.

मणिबेलीच्या अलीकडच्या एका पाड्यावरच्या रुमलीबाई घर धरणाच्या पाण्याखाली गेल्यावर तळोद्याकडच्या पुनर्वसन गावात आल्या. लहानथोर सगळे त्यांना 'याहा' म्हणजे आई म्हणतात. त्या पाड्याची माणसे चार दिशांना विखुरली. शेजारी आले ते निराळ्या बोलीचे, नात शिकली ती मराठीत. याहांचे पती गेल्यावर त्यांच्या पाड्याची बोली बोलणारे त्या गावात दुसरे कोणी राहिले नाही. ती बोली याहांबरोबर संपणार, की त्यापूर्वी कुणाच्या कानी आणि ओठी जाणार, एवढाच प्रश्न होता.

मी दोन वर्षे याहांकडे गेले. प्रत्येक वेळी त्या ओसरीवर खाट टाकत, तिच्यावर धुतलेली गोधडी अंथरत, मला बसवत आणि माझ्या यादीतील प्रत्येक शब्दाला शांतपणे उत्तर देत. माझ्या वह्या भरल्या. त्या निर्दोष होत्या, असे मी आजही म्हणेन.

सरांनी त्या भेटींतले एक ध्वनिमुद्रण दोनदा ऐकले. मग म्हणाले, "आयका बाई. या माउलीनी तुमनाकरता खाट टाकेल शे. तिनी बोली आजून घरमाच शे."

त्यांचे म्हणणे खरे होते. मी पाहुणी होते. पाहुण्यांशी आपल्या पाड्याचे बोलू नये, त्यांना समजेल असे बोलावे, ही याहांची रीत होती. दोन वर्षे त्या मला आजूबाजूच्या गावांची चालती बोली, वर शाळेतले थोडे मराठी शिंपडून, आदराने वाढत होत्या. मी त्या आदराचाच शब्दकोश केला होता.

त्या संध्याकाळी वह्या चुलीत घालण्याच्या विचारात मी होते. सरांनी त्या माझ्या हातातून घेतल्या, धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात बांधल्या आणि वर आपल्या त्या अवाचनीय अक्षरात लिहिले, 'पाहुण्यांशी बोलायची बोली.' म्हणाले, "हे बी कोनी टिपेल नही, बाई." पुढे त्याच वह्यांवर माझा प्रबंध उभा राहिला. अपयशाला योग्य शीर्षक देऊन त्याचे संशोधन करणारे मार्गदर्शक मला अन्यत्र भेटले नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात सर मला स्वतः याहांकडे घेऊन गेले. ओसरीवर न थांबता थेट चुलीपाशी बसले आणि म्हणाले, "याहा, आज या बाई भाकरी करतील." मी केलेल्या पहिल्या भाकरीला तीन कोपरे होते. दुसरी तव्यावर पडण्याआधीच फाटली. याहा काही काळ सभ्यपणे पाहत राहिल्या. तिसऱ्या भाकरीला त्यांचा संयम संपला. त्यांनी परात ओढून घेतली आणि जे बोलायला सुरुवात केली, ते मी दोन वर्षांत एकदाही ऐकले नव्हते. स्वर निराळे, क्रियापदे निराळी, वेग निराळा. मराठीत आणायचे तर आशय असा : "हिच्या आईने हिला काय दगड थापायला शिकवलं? एवढी पुस्तकं वाचली, पिठाला किती पाणी लागतं ते एकातही नाही?"

सर भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होते. पहिल्या दिवशीचा प्रश्न मला तेव्हा उलगडला. माणूस पाहुण्यावर रागावत नाही, आपल्या माणसावर रागावतो, आणि रागावताना परकी भाषा वापरत नाही.

चुकण्यासाठी सरांनी स्वतःकरता खाट निवडली. याहांची ती पाहुण्यांची खाट सैल झाली होती. "मी विणून देतो," म्हणून त्यांनी सुंभ सोडला आणि विणताना तिरक्या ओळी अशा चुकवल्या की याहांनी कपाळावर हात मारला. त्यांनी सगळे उसवले, आणि उसवताना सरांच्या सात पिढ्यांच्या बुद्धीची चौकशी केली. पुढच्या महिन्यात सरांनी पुन्हा विणले, याहांनी पुन्हा उसवले. गेली कित्येक वर्षे हा क्रम अखंड चालू आहे. सुंभ, गाठ, पीळ, हात, अक्कल, पूर्वज, नदी, होडी, मासे, पाड्यावरची भांडणे. त्या उसवण्यातून किती शब्द बाहेर आले, ते सरांच्या संग्रहात पाहावे. कोरीटला सरांच्या घरी त्यांनी स्वतः विणलेल्या चार खाटा आहेत. त्यांच्यावर नाणे टाकले तर उसळते. हे मी याहांना कधी सांगितले नाही.

सरांचे हे शास्त्र साता समुद्रापार गेले, त्याची हकीकत अशी. एका चर्चासत्रासाठी योहान नावाचे अभ्यासक आमच्याकडे आले होते. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यालगत काही सखल बेटे आहेत. तिथली घरे मातीच्या उंचवट्यांवर बांधलेली असतात, आणि वादळात समुद्र चढला की तेवढे उंचवटेच पाण्याबाहेर राहतात. योहान तिथले. त्यांच्या आईची भाषा फ्रिजियन, आणि त्या बेटांवरची तिची बोली जाणणारे आता फार थोडे उरले आहेत. जेवताना त्यांनी खिन्नपणे सांगितले, "मी यंत्र घेऊन आईसमोर बसलो की ती माझ्याशी जर्मनमध्ये बोलते. शिकून आलेल्या मुलाशी तसंच बोलायचं असतं, म्हणते."

सरांनी घास खाली ठेवला. आपल्या खडबडीत इंग्रजीत विचारले, "आईची कोणती कामं तुम्हाला येतात?"

"जवळजवळ सगळी."

"मग एखादं विसरा."

महिन्याभराने योहान यांनी ध्वनिमुद्रण पाठवले. त्यांनी आईचे धुतलेले कपडे वाऱ्याच्या उलट बाजूने वाळत घातले होते. पुढचा सगळा वेळ माउली फ्रिजियनमध्ये बोलत होत्या, आणि मधूनमधून योहान यांचे दबलेले, सुखी हसू ऐकू येत होते.

ते मुद्रण सरांनी मोबाइलवर याहांना ऐकवले. त्यातला एकही शब्द कळणे शक्य नव्हते. याहांनी कान देऊन ऐकले आणि ताबडतोब निकाल दिला, "पोराने काहीतरी उलटं केलंय."

"कसं कळलं?" मी विचारले.

"पोराशिवाय एवढं कोणासाठी बोलेल? कुठली आहे ती?"

सरांनी बेटांचे वर्णन केले. पाणी घराभोवती चढते, हे ऐकून याहा थांबल्या. "आणि मग उतरतं?"

"उतरतं, याहा."

"मग बरं आहे तिचं," त्या म्हणाल्या. मग मोबाइलकडे बोट दाखवून त्यांनी त्या अनोळखी मुलाला आपल्याकडूनही चार शब्द सुनावले. सरांनी ते मुद्रित करून उत्तरादाखल बेटावर पाठवले. दोन मावळत्या बोलींचा असा पत्रव्यवहार माझ्या माहितीत दुसरा नाही.

याहांची नात सुनंदा ही सारी वर्षे मराठीत अभ्यास करत बाजूला बसायची. आजीचे सरांवरचे प्रहार ऐकून तिला हसू यायचे. हसता हसता ती मधे पडू लागली, आणि मधे पडायचे तर आजीच्याच बोलीत पडावे लागे. मागच्या उन्हाळ्यात तिने सरांची बाजू घेऊन आजीशी असे कडाक्याचे भांडण केले की सरांनी वही बाजूला ठेवली. माझ्याकडे वळून म्हणाले, "आते लिखाले नको बाई. आते ती बोली ऱ्हायनी." म्हणजे, टिपायला नको, आता सुनंदाच ती बोली बोलते आहे.

या ग्रंथासाठी दोन ओळी मागायला मी परवा याहांकडे गेले. त्यांनी हात जोडून शुद्ध मराठीत सांगितले, "सर फार चांगले आहेत. देव त्यांना मोठं आयुष्य देवो." मी नम्रपणे तेवढे लिहून घेतले आणि वही मिटली. खाट पुढे टाकली होती, तिचा अर्धा सुंभ लोंबत होता. म्हणून मी जमिनीवर बसले आणि सहज म्हणाले, "याहा, एवढ्या वर्षांत सरांना ही खाट काही जमली नाही."

याहा हसल्या आणि आपल्या पाड्याच्या बोलीत म्हणाल्या, "त्याची गाठ बघ. अशी गाठ मारणाऱ्या हाताची ओळ चुकत नाही. मुद्दाम करतो, ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पण माझा माणूस गेल्यावर मी कोणावर रागावणार होते? हा चुकत राहिला म्हणून माझं तोंड उघडं राहिलं. त्याला सांग, आता गुडघे दुखतात म्हणून येणं बंद केलंस तर बघ. खाट अजून अर्धी आहे."

पंचाहत्तरीच्या निमित्ताने सरांचे सहकारी, विद्यार्थी आणि चाहते त्यांना अनेक प्रकारच्या पूर्णत्वाच्या शुभेच्छा देतील. माझ्यासारख्या परिपूर्णतेचा हट्ट धरणाऱ्या व्यक्तीने हे लिहावे याचे मलाच नवल वाटते. पण माझी इच्छा निराळी आहे. सरांचे गुडघे, डोळे आणि कान ठणठणीत राहोत, शंभरीपर्यंत त्यांना दरमहा तळोद्याची बस मिळो, आणि याहांच्या ओसरीवरची ती खाट त्यांच्या हातून कधीही पुरी न होवो.