आर्डिसनं न मागितलेलं मत

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेल्या माणसाला आमच्या आयोवात आधी आर्डिस क्रूगरच्या स्वयंपाकघरात बसावं लागतं. बाकी देशभर ही मंडळी विमानानं हिंडतात, टीव्हीवर पैसा ओततात. इथे ऐन जानेवारीत बूट दाराशी काढायचे, घडीच्या खुर्चीवर बसायचं आणि मक्याच्या भावापासून दवाखान्याच्या बिलापर्यंत लोक विचारतील त्याचं उत्तर द्यायचं. ज्याला यात कमीपणा वाटतो त्यानं खुशाल घरी बसावं.

आर्डिस शाळेत स्वयंपाकीण होती. निवृत्त झाली आणि गावचा प्रचार तिनं हातात घेतला. तिचा हट्ट एकच, मत तोंडानं मागायचं. त्या वर्षी सिनेटर कोरा मॅब्री आल्या, सुरेख बोलल्या, कॉफी संपवून कोट चढवला. आर्डिस दारात आडवी उभी राहिली.

“बाई, एवढं बोललात, पण मत कुठे मागितलंत?”

सिनेटरबाई लाल झाल्या, मग हसल्या आणि कोट काढून खोलीतल्या एकेकाकडे मत मागत फिरल्या. तेव्हापासून आर्डिस त्यांची. बर्फ तुडवत ती आणि मी, तिची शेजारीण, दारोदार गेलो. एकानं अंगावर कुत्रं सोडलं, तर हिनं आधी कुत्र्याला गोंजारलं, मग मालकाला गाठलं.

तिचा नवरा डेल्मर मात्र दुसऱ्याच उमेदवाराचा. लग्न झाल्यापासून दोघं कधी एका कोपऱ्यात उभी राहिली नव्हती. कोपरा म्हणजे खराखुरा कोपरा. आमच्या कॉकसमध्ये, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या सभेत, मतपेटी नसते. शाळेच्या हॉलमध्ये आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात सगळ्यांदेखत उभं राहायचं. ठरलेल्या आकड्यापेक्षा माणसं कमी भरली की कोपरा मोडतो.

कॉकसच्या संध्याकाळी आमचा कोपरा एका माणसानं कमी भरला. डेल्मरच्या कोपऱ्यात तर तो आणि गुरांचा डॉक्टर, एवढेच. जागा बदलायला थोडा वेळ मिळतो. डॉक्टर तडक मोठ्या कोपऱ्यात गेला. डेल्मर भिंतीलगतच्या बाकावर बसून बायकोनंच आणलेली लिंबाची वडी खात राहिला.

आर्डिस हॉलभर विनवून आली. कुणी हलेना. माझं डोकं फिरलं. मी डेल्मरला जाऊन म्हटलं, जन्मभर तिच्या हातचं खातोस, आज एवढंही जमत नाही? त्यानं शांतपणे बोटं पुसली.

“मला कुणी विचारलंय का?”

मी हे तिला सांगितलं तर ती म्हणते, घरच्या माणसाला काय विचारायचं, त्याचं ठरलेलंच असतं.

“हेच सिनेटरबाईंना सांगायचं होतंस ना,” मी फटकारलं.

ती तडक वळली. मग हॉल ओलांडून बाकासमोर उभी राहिली.

“डेल, मॅब्रीबाईंसाठी मला तुझं मत हवंय. देतोस?”

“का देऊ?”

“तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला विमा कंपनी नाही म्हणाली. त्यावरच बोलल्या त्या आपल्या घरी. तू आत टीव्ही बघत बसलेलास.”

“टीव्ही बंद होता,” डेल्मर म्हणाला. “सगळं ऐकलं मी. वाट बघत होतो, तू कधी मागतेस. हात दे, उठवत नाही.”

त्याला हाताला धरून ती आमच्या कोपऱ्यात घेऊन आली तेव्हा टाळ्या वाजल्या त्या समोरच्या कोपऱ्यांतूनही.

घरी जाताना गाडीत डेल्मर म्हणाला, पुढच्या वेळी माझ्या उमेदवारासाठी मी तुझ्याकडे मागणार.

“माग की,” आर्डिस म्हणाली, “पण कोट काढून.”