योगराज सरांनी काय सोडलं

आमच्या कॉलेजात योगराज सरांना स्वतःची वर्गखोली कधी मिळाली नाही. तासिका तत्त्वावरचा माणूस, म्हणजे शिकवेल तेवढ्या तासांचं मानधन आणि उन्हाळ्यात घरी. त्याला खोली कोण देणार? त्यांचा तास ग्रंथालयाच्या वाचनकक्षात भरायचा. मी तिथली मदतनीस. पुस्तकं लावता लावता माझं अर्थशास्त्र ऐकून झालं. खरं सांगते, आमच्या कायम झालेल्या प्राध्यापकांपैकी एकालाही तसं शिकवता येत नव्हतं. बाकीचे मला मंजुळाबाई म्हणतात, योगराज सर अक्का म्हणायचे.

सर वरणगावकडचे. घरी केळीचा मळा. जूनमध्ये नेमणूक, एप्रिलमध्ये रजा, असं करता करता केस पिकले, पण कागदावर सर दरवर्षी नवेच. त्यांचे वडील उखर्डू आबा एकदा कॉलेज बघायला आले. मागच्या बाकावर बसून त्यांनी लेकाचा अख्खा तास ऐकला आणि म्हणाले, "एवढा शिकला भो तू, मंग परमनंट कधी होशीन?" सर नुसते हसले. त्या हसण्याचा मला फार राग यायचा. माणसाने कधीतरी चिडावं.

मागच्या वर्षी नवा नियम आला. विज्ञानाच्या पोरांनीही वाणिज्याकडचा एक पेपर घ्यायचा. त्यात 'अर्थशास्त्र आणि समाज' सरांकडे आला. पण प्राचार्यांनी बजावलं, वीस पोरं टिकली तर पेपर चालेल, नाहीतर या वर्षी नेमणूक नाही. पोरं आणायची कुणी? सरांनीच. भर उन्हात मोटारसायकलवर एरंडोलपासून अमळनेरपर्यंतची गावं त्यांनी पालथी घातली. लोकांच्या ओट्यावर बसून, चहा पिऊन, दहादा तेच बोलून पोरं गोळा केली. गिरधर आबा नावाचे एक गृहस्थ लेकीला शिकवायला तयारच नव्हते. शेवटी तिला दाखल करायला स्वतः आले आणि सरांचा हात धरून म्हणाले, "सर, तुमनाकडे देखीसन पोरले धाडी ऱ्हायनू." म्हणजे, तुमच्याकडे बघून पोरीला धाडतोय. सरांचा चेहरा उतरला. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "अक्का, असं म्हणायला नको होतं त्यांनी."

ती पोर म्हणजे मोहिनी. बारीक अंगाची, कुणाच्या नजरेला नजर न देणारी, पण अक्कल मोठी.

पहिल्याच महिन्यात सरांनी त्यांचा आवडता धडा घेतला. म्हणाले, एका वावरात केळी लावली की तिथला कापूस गेला. रोपं, खत, मजुरी हा खर्च झालाच, पण हातातून गेलेला कापूस हीसुद्धा त्या केळीची किंमत. माणूस काहीही निवडतो तेव्हा काहीतरी सोडतो. जे सोडलं ते मोजा, मग कळेल आपण काय दराने घेतलं. पोरं खुलली. आईने शिलाई सोडली त्याची किंमत काय, भाऊ सुरतेला गेला त्याची काय, अशी उदाहरणं पोरंच द्यायला लागली. मी पुस्तकं हातात घेऊन तशीच उभी होते.

मग मोहिनी उठली. "सर, तुम्ही या कॉलेजात राहिलात, त्याची किंमत काय?"

तिच्या मनात खोट नव्हती. धडा समजला होता, एवढंच. सरांनी विषय टाळायचा होता. मी पुस्तकांच्या कपाटाआडून मान हलवून त्यांना खुणावलंही. पण ते टेबलाला टेकले आणि सांगत गेले. वरणगावच्या सरकारी फॅक्टरीतून नोकरीचं बोलावणं आलं होतं, ते एम.ए.साठी सोडलं. वडील हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नको म्हणत होते. मळा धाकट्या भावाने सांभाळला, तो आता त्याचाच. लग्नाचं म्हणाल तर मुलीकडचे पहिला प्रश्न विचारत, परमनंट आहेत का? पुढे तेही यायचे थांबले. "आणि इथे मला काय मिळालं, ते तुम्ही बघताच आहात," असं म्हणून सरांनी फळा पुसला.



तास संपल्यावर मी त्यांना खूप बोलले. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायची काय गरज होती? थोडं खोटं बोलला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं? सर म्हणाले, "तिच्या बापाने माझ्याकडे बघून धाडलंय तिला."

पेपर बदलायची मुदत महिनाअखेरपर्यंत होती. शेजारच्या खोलीत अखिल सर कॉम्प्युटरवर टॅली शिकवत. टॅली आली की जळगावच्या दाणाबाजारात निदान कुठेतरी बसवून तरी घेतात. मोहिनीने पेपर बदलला. मग तिच्या गावच्या पोरी गेल्या, मग पोरं. जाताना प्रत्येकाला आधीच्या सरांची सही लागायची. सर वाचनकक्षात बसून सह्या देत राहिले. मोहिनी रडतच आली होती. "सर, रागावलात का?" सर म्हणाले, "नाही गं. तू गणित बरोबर सोडवलंस." ती गेल्यावर मात्र ते बराच वेळ उठले नाहीत. मी पंखा बंद करायला गेले आणि तसाच चालू ठेवून परत आले. महिनाअखेर वर्गात मोजकीच टाळकी उरली आणि नेमणूक गेली.

यंदा जूनमध्ये अमळनेरच्या एसटी स्टँडवर सर भेटले. हातात जाहिरातींचा गठ्ठा होता. धुळ्याकडे एक कॉलेज निघालंय, पोरं आणली तर तास देतो म्हणतात. मला राहवलं नाही. म्हटलं, "आता पुरे झालं सर. भावाकडे जा, मळ्यात बसा. दोन घास सुखाने खा."

"आता सोडलं तर आजवरची सगळी वर्षं फुकट गेली असं होईल ना, अक्का."

"ती गेलीच आहेत."

"हो. गेलेल्यासाठी उरलेलं घालवू नये, हे मीच शिकवतो. त्यावर एक अख्खा तास घेतो मी." ते हसले नाहीत. त्यांना हसताना बघून मला राग यायचा, पण त्या दिवशी वाटलं, हसले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात धुळ्याची गाडी लागली. सर चढले आणि एका शाळकरी दिसणाऱ्या मुलीशेजारी जागा मिळाली तिथे बसले. मी खिडकीखाली उभी होते. गाडी हलायच्या आत त्यांनी गठ्ठ्यातला एक कागद काढला आणि तिला विचारलं, "ताई, बारावी झाली का तुमची?"