एकच ‘व्हय’

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. तुम्हाला सांगतेय — पण कीव करायला बसू नका, कीव मला चालत नाही.

दुष्काळाचं वर्ष होतं. केडगावाहून मी नगरला विडीच्या कारखान्यात चालत जायची. आमच्या विड्या तपासायला दत्तूअण्णा होते. खराब विडी म्हणजे छाट. तिची मजुरी मिळायची नाही, आणि मालक तीच विडी मागल्या दाराने विकायचा. अण्णांनी ते मोडलं. छाट निघाली की त्या बाईच्या डोळ्यांदेखत कुस्करून टाकायची — खराब तर मालकालाही खराब. मग छाट आपोआप कमी झाली. बायका एकमेकींना पानं द्यायला लागल्या, कुणाची बोटं दुखली तर शेजारची तिची बंडलं पुरी करायची. आम्ही तिथे हसायचो. विडीच्या कारखान्यात — खरंच.

मालकाला हे कसं रुचावं? एके सकाळी त्याने मला म्हटलं, दाराजवळची वाऱ्याची जागा तुझी, फक्त विचारलं की हो म्हण. तंबाखूच्या धुळीने माझी छाती कोंडायची. ती जागा मला हवी होती — हवीच होती.

दुपारी ऑफिसात बोलावलं. अण्णा उभे होते. बायकांवर याची नजर वाईट आहे, मालक म्हणाला. मग माझ्याकडे वळून, “तुलाही त्रास दिला ना यानं?”

“व्हय,” मी म्हणाले.

अण्णांनी एवढंच विचारलं, “कधी गं, बाई?”

अण्णांना त्याच दिवशी कामावरून काढलं.

नव्या माणसाने छाट वाढवली, आणि ती अख्खीच्या अख्खी मालकाच्या टोपलीत टाकायला लागला. बायका विड्यांचं सूप छातीशी ओढून, पानं झाकून बसू लागल्या. मी दाराशी वारा खात होते.

दुष्काळ होता, म्हणाल? तो सगळ्याजणींच्या घरी होता. ‘व्हय’ मी एकटीच म्हणाले.

पुढे एकदा बाजारात अण्णा दिसले. पूर्वी हे प्रत्येकीच्या घरचं विचारायचे. आता समोरून बाई आली की मान खाली घालून भिंतीला लागून उभे राहत — कुठलीही बाई. मी गेले तेव्हाही तसेच उभे राहिले. मी कोण, हे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मी हाक मारली नाही. भाजी घेतली आणि घरी आले.