सबवूफरमधली विहीर

मी इंजिनिअर आहे, ही गोष्ट माझ्या सासऱ्यांना आजतागायत पटलेली नाही.

त्यांचंही चुकत नाही म्हणा. मी बांधकामातला इंजिनिअर. जळगावात बसून मोऱ्या, संरक्षक भिंती आणि छोटे पूल बघतो. आबांच्या लेखी इंजिनिअर म्हणजे विहिरीवरची मोटार दुरुस्त करणारा माणूस. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळसणाला त्यांनी मला मोठ्या मानाने शेतात नेलं, बंद पडलेली मोटार दाखवली आणि "बघा, जवाईबापू" म्हणाले. मी बघितली. बराच वेळ बघितली. मग म्हणालो, "विहिरीचं बांधकाम छान आहे." (ते खरोखरच छान होतं.) त्या दिवसापासून गावात कोणी विचारलं तर आबा "जवाई हापिसमा शे" एवढंच सांगतात.

आबांचं गाव पारोळ्याच्या पुढे, धुळ्याच्या अलीकडे, हायवे सोडून आत. सासूबाई गेल्यापासून ते तिथे एकटे राहत होते आणि शैलाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, जीव थाऱ्यावर नव्हता. "आबांना आपल्याकडे आणायचं," हे तिचं एकच म्हणणं. आबा यायचेही. पण दोन दिवस झाले की सकाळी पिशवी भरून दारात उभे. ते गेले की शैला स्वयंपाकघरात डोळे पुसायची आणि कांद्याचं नाव सांगायची. कढईत साबुदाण्याची खिचडी असली तरी.

आता यावर विचार कोण करणार? मीच केला. माझं निदान असं होतं की आबांना आमच्याकडे करमत नाही, कारण त्यांना तिथे काही ऐकूच येत नाही. त्यांचे कान गेलेत, पण अर्धेच. बारीक आवाज पोचत नाहीत. शैलाचं बोलणं, टीव्ही, दाराची बेल, सगळं वाया. जाड आवाज मात्र पोचतात: ढोल, ट्रॅक्टर, मोटार. तरुणपणी कानबाईच्या उत्सवात डफ वाजवायला आबांना पुढे करायचे म्हणे. म्हणजे माणसाला हवा डफ, आणि आम्ही त्याला दाखवत होतो बातम्या.

"गाडीत सबवूफर बसवतो," मी जाहीर केलं. "डफाचा ठोका थेट छातीत. आबा गाडीत बसले की उतरायचं नाव घेणार नाहीत."

शैला शाळेत मराठी शिकवते. मुलांच्या वह्यांत लाल पेनाने जो शेरा मारते, तोच ती मलाही तोंडी देते. "याला काही अर्थ नाही," ती म्हणाली.

दुकानदार बसवून द्यायला तयार होता. मी त्याला सांगितलं, मी इंजिनिअर आहे. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मोबाइलवर व्हिडिओ लावला, सीटा काढल्या आणि कामाला लागलो. लाल वायर बॅटरीपासून डिकीतल्या अॅम्प्लिफायरपर्यंत नेली. गाण्यांची वायर तिच्याच शेजारून नेली, दोघींना सोबत म्हणून. राहिली एक आखूड काळी वायर. ती जवळच कुठेतरी घट्ट बसवायची, असं व्हिडिओतला माणूस हिंदीत भरभर सांगून पुढे गेला. मी डिकीत चाचपून पाहिलं. सगळ्यात भक्कम होती ती सबवूफरची प्लायवूडची पेटी. तिच्यात काळी वायर मोठ्या स्क्रूने अशी आवळली की उद्या गाडी राहणार नाही, वायर राहील.

डफ उत्तम वाजला. शेजाऱ्यांच्या खिडकीतली कुंडी वीतभर सरकली. फक्त गाणं थांबलं की मागून एक आवाज यायचा: घूंऽऽऽ. अॅक्सिलरेटर दाबला की त्याचा सूर चढायचा, सोडला की उतरायचा.

"हे काय वाजतंय?" शैलाने विचारलं.

"इंजिनचा आवाज आहे. स्पीकरमध्ये शिरतोय. नवीन सिस्टिमचं असंच असतं."

"बाहेर पडेल का?"

"शिरलाय तसा पडेल."

मी शर्थ केली. दोन्ही वायरी वेगळ्या केल्या, एक डावीकडून, एक उजवीकडून. आवाज तसाच. बाजारातून आवाज गाळायची डबी आणली. डबीने आवाज गाळला नाही, पण तिच्यासाठी वायरी इकडच्या तिकडे करताना मी इंडिकेटरलाही सबवूफरमध्ये घुसवलं. डावीकडे वळायचं म्हटलं की डिकीत कोणीतरी घण मारायला लागायचं. दूधवाला एकदा रस्ता सोडून गटाराच्या काठावर जाऊन उभा राहिला. शेवटी मी आवाज मोठा ठेवायचा उपाय काढला. गाणं थांबू द्यायचं नाही, म्हणजे घूंऽऽ ऐकू येणार नाही. शिवाय आबांचे कान अधू. त्यांच्यासाठी एवढी डोकेफोड कशाला?

ही माझी या प्रकरणातली सगळ्यात आत्मविश्वासपूर्ण चूक.

आम्ही आबांना आणायला गेलो. या वेळी राहायलाच यायचं, असं शैलाने फोनवर कबूल करून घेतलं होतं. आबांनी किल्ल्या शेजारच्या भटूभाऊंकडे दिल्या, विहिरीकडे वळून एकदा पाहिलं आणि पुढच्या सीटवर बसले. मी डफ लावला. आबांचा चेहरा असा उजळला की शैलाने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. (इतक्या वर्षांत सासऱ्यांसमोर पहिल्यांदा.) आबा गुडघ्यावर बोटांनी ताल धरत होते. पारोळ्यापर्यंत माझ्यासारखा जावई खानदेशात दुसरा नव्हता.

पारोळ्याच्या थोडं पुढे गाणं संपलं आणि दुसरं लागायला वेळ लागला.

घूंऽऽऽ.

आबांची बोटं थांबली. त्यांनी मान तिरकी केली. "जवाईबापू, गाडी फिरावा."

"काय झालं, आबा?"

"मोटार चालू शे. कोरडी चाली ऱ्हायनी."

मी कपाळाला हात लावणार होतो, पण हात स्टिअरिंगवर होते. आबांच्या मोटारीला ऑटो स्विच आहे. लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते. विहिरीत पाणी नसेल तर ती कोरडी फिरते आणि जळते. ही भीती त्यांच्या मनात कायमची बसलेली. आणि आमचा सबवूफर, खरं सांगतो, हुबेहूब तसाच वाजत होता.

शैला पुढे वाकून त्यांच्या कानाशी ओरडली, "आबा, ती मोटार नही शे! यासनी गाडी शे!"

"गाडीमा मोटार कशी ई? माले मन्ही मोटार वळखू येत नही का?"

मी म्हटलं, प्रात्यक्षिक दाखवू. "हे बघा आबा, मी अॅक्सिलरेटर दाबला की आवाज वाढतो." दाबला. घूंऽऽ चा घींऽऽ झाला.

"व्होल्टेज वाढनं," आबा म्हणाले.

"आता सोडतो. बघा, उतरला."

"व्होल्टेज पडनं! आते जळी ती! फिरावा, फिरावा!"

समोरच्या ट्रकला ओलांडताना व्होल्टेज भयंकर वाढलं. गतिरोधकावर इतकं पडलं की आबांनी सीटबेल्ट सोडला. शैलाने भटूभाऊंना फोन लावून आबांच्या कानाला धरला.

भटूभाऊ विहिरीवर जाऊन ओरडले, ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "आबा, मोटार बंद शे! मी समोर उभा शे!"

"मी बहिरा शे," आबा म्हणाले, "तू आंधया शे का?"

गाडी फिरवली. गावात पोचलो. मोटार बंद होती, गार होती. आबांनी तिला तळहात लावून पाहिलं, जसा तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात. समाधान झालं. पुन्हा निघालो. मी लागोपाठ गाणी लावली, मध्ये फट म्हणून ठेवली नाही. मग टोल आला, मी काच खाली केली, आणि पैसे घेणाऱ्या माणसाला माझं ऐकू येईना म्हणून एका क्षणासाठी आवाज बंद केला.

एकच क्षण. पण घूंऽऽ ला तेवढा पुरला.

या वेळी आबा ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "शैला, माले घर सोडी दे. मन्हा जीव तठेच शे. मोटार माले बोलावी ऱ्हायनी."

आरशात मला शैला डोळे पुसताना दिसली. वर्षभर या माणसाला आणायची तिची खटपट चालली होती, आणि ती मी डिकीत बसवलेल्या पेटीने वाया घालवली होती. मी गाडी पुन्हा फिरवली.

अंगणात पोचल्यावर आबा पिशवी घेऊन आत गेले. मी शर्टाच्या बाह्या वर केल्या. डिकी उघडली, गालिचा काढला, एकेक वायर हातात धरून तिच्या टोकापर्यंत गेलो. बांधकामात भिंतीला भेग पडली की आम्ही पायापर्यंत जातो, तसं. लाल वायर ठीक. गाण्यांची वायर ठीक. मग काळी. ती माझ्या भक्कम स्क्रूखाली, प्लायवूडमध्ये, सुखाने बसलेली होती.

प्लायवूड. लाकूड. आणि ही वायर गाडीच्या लोखंडाला, उघड्या पत्र्याला लावायची असते, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. हिला वायरमन लोक अर्थिंग म्हणतात. घाईत असले की नुसतं अर्थ. तिला लोखंड मिळालं नाही, म्हणून इंजिनचा सगळा गोंगाट गाण्यांच्या वायरीतून वाट काढत होता.

मी आबांची कानस मागून घेतली, सीटच्या बोल्टखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासला, आणि काळी वायर तिथे आवळली. गाडी सुरू केली. अॅक्सिलरेटर दाबला. काही नाही. देवघरातल्यासारखी शांतता.

"सापडलं!" मी ओसरीकडे धावलो. "शैला, सापडलं! याला अर्थच नव्हता!"

शैला ओसरीच्या पायरीवर उभी राहिली. "मी पहिल्या दिवशी काय म्हणाले होते?"

मी डिकी बंद करायला परत गेलो.

आबांना हाताला धरून पुन्हा पुढच्या सीटवर बसवलं. गाडी सुरू केली, हायवेपर्यंत नेली, मुद्दाम डफ न लावता. आबा मान तिरकी करून ऐकत राहिले. गाडी पळवली, हळू केली, गतिरोधक आला. काहीच आवाज नाही. मी अभिमानाने त्यांच्याकडे पाहिलं.

आबांनी सुटकेचा श्वास सोडला. "लाइट गई," ते म्हणाले. "चाला आते. मोटारले धोका नही."

म्हणजे मी दिवसभर घामाघूम होऊन केलेल्या कामाचं श्रेय भारनियमनाला गेलं. पण आबा जळगावला आले. शैलाने त्या रात्री पुरणपोळ्या केल्या, मला एक जास्त वाढली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबा पिशवी भरून दारात.

शैला खाली बसली. मी आबांच्या कानाशी जाऊन विचारलं, "आता काय झालं, आबा? डफ आवडला नाही का?"

"डफ चांगला शे. पन घर मुकं शे. काहीच वाजत नही. सकाय व्हयनी का सांज, समजत नही." मग जरा संकोचून त्यांनी विचारलं, "जवाईबापू, तुमनी गाडीमा ती मोटार व्हती, ती कोठे गई?"

"ती? काढली मी, आबा. बिघाड होता."

"काढी टाकी? कसाले? चांगली चाली ऱ्हायनी व्हती."

त्या रविवारी मी पुन्हा पार्किंगमध्ये सीटा काढल्या. काळ्या वायरीला मध्ये एक बटण लावलं, घरातल्या दिव्याचं असतं तसलंच. बटण खाली असलं की डफ, स्वच्छ, खणखणीत. बटण वर केलं की अर्थ तुटतो, आणि आबांची विहीर.

आबा तेव्हापासून आमच्याकडे आहेत. रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन ते गाडीत पुढच्या सीटवर बसतात. मी किल्ली फिरवतो, बटण वर करतो आणि हलकेच अॅक्सिलरेटर दाबतो. गाडी जागची हलत नाही. आबा डोळे मिटून ऐकतात आणि कपातला चहा संपला की निकाल देतात, "आज व्होल्टेज चांगलं शे." परवा त्यांनी खालच्या वॉचमनला माझी ओळख करून दिली: "हाऊ मन्हा जवाई. इंजिनेर शे. बिन विहिरनी मोटार चालाडस."

शैला गॅलरीतून हे सगळं बघत असते. एक माणूस पेट्रोल जाळून मुद्दाम बिघाड वाजवतोय आणि दुसरा त्याला दाद देतोय. ती वरून विचारते, "अहो, याला काही अर्थ आहे का?"

मी बटणाकडे बघतो. ते वर असतं. मग मान वर करून, इंजिनिअरला शोभेल अशा ठामपणे, खरं ते सांगतो: "नाही."