शिमग्यात जळलेलं बेडं

मालवणजवळच्या एका ठाण्यात मी हवालदार होते तेव्हाची गोष्ट. त्या सकाळी माझ्यापुढे तीन कामं होती: तिठ्यावरचा अपघात, घरातून निघून गेलेली एक आजी आणि होळीत जळलेलं बेडं. बेडं म्हणजे आवाराचं लाकडी फाटक. आमच्याकडे होळीसाठी पोरं लाकडं चोरतात, मालक यथेच्छ शिव्या घालतो आणि विषय संपतो. हे मालक बाहेरून नवीन राहायला आलेले. शिव्या घालायच्या सोडून त्यांनी चक्क अर्ज लिहिला!

मी तो तळाला ठेवला. अपघाताचा पंचनामा झाला, आजी मसुऱ्याला लेकीकडे सापडली, तोवर ओरोसच्या जिल्हा मुख्यालयातून फोन, "त्या फाटकाचं काय केलंत?" मालकांनी वशिला लावला होता. माझं डोकं सणकलं, पण हुकूम तो हुकूम.

वाडीत गेले, तर सगळे आईबाप एका सुरात, "आमचो झील घरात निजलेलो."

"सगळ्यांवर गुन्हा नोंदवा," मालक म्हणाले. मुलांच्या अशा किरकोळ भानगडीत डायरीत नोंद करून समज देतात, हे मी परोपरीने सांगितलं. ते ऐकेनात.

तेवढ्यात सतरा वर्षांची एक मुलगी पुढे आली. पोलीस भरतीसाठी ती रोज पहाटे वाळूत धावायची, हे सगळ्या वाडीला ठाऊक. आई मागून तिचा हात ओढत होती.

"माझा नाव लिवा, मॅडम. बेडां मीच काढूक सांगितलंय. ह्या बारक्यांका सोडा. नवीन बेडां आमी करून देतलों."

मालक त्यावर राजी झाले. चार दिवसांत पोरांनी नवं बेडं बसवलं आणि मालकांनी अर्ज मागे घेतला.

बेडं बसलं त्या दिवशी मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "नाव लागला तर भरतीत आडवा येयत, अशी भीती नाय वाटली गो?"

"वाटली. पण आज खोटा बोलान उद्या पोलीस झालंय, तर दुसऱ्याक खरा सांग म्हणान खंयच्या तोंडान सांगतलंय?"

माझा ऊर अभिमानाने भरून आला. नोकरीत मी पुष्कळ सॅल्यूट ठोकले, ते खांद्यावरच्या फितींना. त्या दिवशी हाताला नव्या बेड्याचा रंग लागलेल्या त्या पोरीला ठोकला, तो मनापासून.